आखात, बोट आणि पोर्तुगालचा पासपोर्ट : ‘ई-मायग्रेट’ आणि ‘मदद’ या सरकारी सेवांचं परीक्षण

गोव्यातून नोकरीसाठी बाहेर पडायच्या तीन ठरलेल्या वाटा आहेत: आखात, बोट आणि पोर्तुगालचा पासपोर्ट. तिन्ही वाटांवर माणसाच्या हक्कांना वेगळा कायदा लागू होतो आणि अडचण आली की ठोठवायचं दारही वेगळं असतं. एजंटाकडे पैसे भरताना हे कुणी समजावून सांगत नाही. तिकडे पगार थकला किंवा पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला, की मग पेडण्यात, डिचोलीत घरच्यांची धावाधाव सुरू होते.

हे परीक्षण परराष्ट्र मंत्रालयाच्या दोन सेवांचं आहे. ‘ई-मायग्रेट’ म्हणजे जाण्याआधीची नोंद आणि मंजुरी. ती २०१४ पासून चालते आणि तिची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. ‘मदद’ म्हणजे तिकडे अडलेल्यांची तक्रारखिडकी, फेब्रुवारी २०१५ पासूनची. वरवर पाहता या दोन वेबसाइट आहेत. पण परक्या देशातल्या मालकाने आपल्या माणसाशी नीट वागावं म्हणून आपल्या सरकारला जे काही करता येतं, ते बरंचसं याच दोन खिडक्यांतून होतं.

आधी गुण देऊन टाकतो. ई-मायग्रेटला पाचपैकी चार, पण ज्यांना ती लागू होते त्यांच्यापुरतेच. मददला तीन. दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याला दोनच.

ई-मायग्रेट कुणाला लागते

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो. अशा माणसाला नोकरीसाठी १८ देशांत जायचं तर आधी सरकारची मंजुरी लागते. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे आखातातले सहा. शिवाय इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड. दहावी झालेला तो ‘ईसीएनआर’. त्याच्या पासपोर्टवर असा शेरा नसतो आणि मंजुरीही लागत नाही.

गोव्यातल्यांसाठी या सेवेची मोठी अडचण नेमकी इथेच आहे. इथे दहावी न झालेला तरुण आता शोधावा लागतो. म्हणजे सरकारने लावलेली चाळणी आपल्या मुलांच्या वाट्याला येतच नाही. मोपाहून किंवा दाबोळीहून विमानात बसणारा दहावी-बारावी झालेला वेटर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक सरकारी नोंदीत कुठेच नसतो. ईसीएनआरवाल्यांनीही निघण्याच्या किमान २४ तास आधी नोंद करावी, असा आदेश २०१८ मध्ये निघाला होता. १ जानेवारी २०१९ पासून तो लागू व्हायचा होता, पण त्याआधीच स्थगित झाला. ही नोंद स्वेच्छेने मात्र करता येते, आणि या सेवेतली गोमंतकीयांच्या सर्वात उपयोगाची सोय तीच आहे. नर्स हा अपवाद: २०१५ पासून या १८ देशांत जाणाऱ्या नर्सला, शिक्षण कितीही असलं तरी, मंजुरी घ्यावी लागते.

यादीतल्या देशांचाही नीट विचार करा. थायलंड यादीत आहे. लाओस, कंबोडिया, म्यानमार यादीत नाहीत. ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल सेल्स’ अशा नावांखाली मुलांना बँकॉकला उतरवून सीमेपार नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. त्या तीन देशांतल्या नोकरीचा कुठलाच कागद ई-मायग्रेटमध्ये तयार होत नाही. ऑफर तिथली असेल तर ‘वेबसाइटवर काही लाल दिसलं नाही’ या गोष्टीवर विसंबू नका.

नोंद कशी होते आणि कुठे बिघडते

पहिलं काम एजंट तपासण्याचं. पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. नाव नव्हे, परवाना क्रमांक टाकून शोधा. सारख्या नावाच्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि फसवणुकीचा धंदा त्या सारखेपणावरच चालतो. परवाना चालू आहे, निलंबित आहे की मुदत संपली आहे, हे तिथे कळतं. परवाना ज्या पत्त्याचा आहे त्याच पत्त्यावर पैसे घेतले जात आहेत ना, हेही बघा. मुंबईच्या परवान्याचा फोटो दाखवून गोव्यातला ‘सब-एजंट’ रोख रक्कम घेत असेल, तर त्या व्यवहाराला कायद्याचा आधार नाही. १९८३ चा कायदा सब-एजंट ओळखतच नाही.

दुसरं, पैसे. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. सगळे मिळून ३५,४००. यापुढचा रुपया बेकायदा. पावती मागा आणि पैसे बँकेतून द्या. दीड लाख रोख मोजले आणि पावती ३०,००० ची मिळाली, तर उरलेल्या पैशांची तक्रार पुढे टिकत नाही. कर्ज काढून हे पैसे भरलेले असतात. म्हणूनच तिकडे छळ झाला तरी माणूस नोकरी सोडत नाही. मानवी हक्कांच्या भाषेत याला कर्जाच्या वेठीची मजुरी म्हणतात, आणि तिची सुरुवात आखातात नव्हे, इथे होते.

तिसरं, मालक. परदेशी मालकाला ई-मायग्रेटवर आधी स्वतःची नोंद करावी लागते. मग मागणीपत्र, एजंटाला दिलेलं अधिकारपत्र आणि नमुना करार चढवावे लागतात. तिथल्या भारतीय दूतावासाकडे ते तपासणीला जातात. त्या करारातला पगार, कामाचे तास, राहण्या-जेवण्याची सोय आणि परतीचं तिकीट या चार ओळी छापून घ्या. पुढे जे काही भांडण होईल ते याच कागदावर होणार आहे.

चौथं, विमा. प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआरवाल्यांना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. हप्ता दोन वर्षांसाठी २७५, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. एवढ्या पैशांत एवढं संरक्षण दुसरीकडे कुठेच मिळत नाही. तिकडच्या नोकरीशी संबंधित खटल्याच्या खर्चाचीही त्यात मर्यादित तरतूद आहे, जी लोकांना माहीतच नसते. वारसाचं नाव आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणेच लिहा. कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज वळणाची तीन स्पेलिंगं तीन कागदांवर असणं ही गोव्यातली नेहमीची गोष्ट आहे, आणि दावा अडकण्याचं नेहमीचं कारणही.

मग एक दिवसाचं विनामूल्य प्रशिक्षण, २०० रुपये शुल्क आणि ऑनलाइन मंजुरी. कागद नीट असतील तर ही बाजू चांगली चालते, खेटे घालावे लागत नाहीत.

बिघडतं ते व्हिजिट व्हिसावर. ईसीआर माणसालाही फिरायला जायला मंजुरी लागत नाही. म्हणून एजंट सांगतो, ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देऊ.’ तसंच ‘आझाद व्हिसा’चं: कागदावर एक कफील (व्हिसा देणारा मालक), काम भलतीकडेच. दोन्ही वाटांनी गेलेल्या माणसाचा करार भारताच्या नोंदीत नसतो आणि यजमान देशाच्या नोंदीत तो पाहुणा असतो किंवा दुसऱ्याचाच कामगार. अशा माणसासाठी दूतावासाने तोंड उघडायचं तर हातात काय घेऊन?

आणि कायद्याला दोनच गुण का, ते इथे सांगायला हवं. बेकायदा भरतीला १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा तो आकडा आज एजंटाच्या एका दिवसाच्या चहापाण्याचा आहे. नवे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी मांडले गेले. या जुन्या कायद्यात एक कलम मात्र सोन्यासारखं आहे. खटला भरायला एरवी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. पण तक्रार खुद्द जाणाऱ्याने, किंवा त्याच्या वतीने आई-वडील, नवरा-बायको, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण किंवा पालकाने केली, तर कलम २७ प्रमाणे ती लागत नाही. पोलीस ठाण्यात ‘दिल्लीहून मंजुरी आणा’ असं ऐकायला मिळालं तर हे कलम दाखवा.

मालकावर वचक बसतो तो कसा

दूतावासाच्या हातातलं खरं साधन म्हणजे ‘पूर्वमान्यता यादी’. पगार थकवणाऱ्या, करार मोडणाऱ्या कंपनीला दूतावास या यादीत टाकतो. मग तिची पुढची मागणीपत्रं दूतावासाच्या खास मान्यतेशिवाय पुढे सरकत नाहीत. शेकडो माणसं भारतातून नेणाऱ्या ठेकेदाराला याची झळ खरोखर बसते आणि थकलेले पगार निघतात. घरकामाला एकच बाई ठेवणाऱ्या कुटुंबाला याने काही फरक पडत नाही. म्हणून मोठ्या कंपनीतल्या कामगारासाठी ही सेवा उपयोगी ठरते आणि घरकाम करणाऱ्या बाईसाठी तोकडी पडते.

तिच्यासाठी भारताने एक जोरदार पाऊल उचललं होतं. घरकामाला भारतीय बाई नेणाऱ्या मालकाने २,५०० डॉलरची बँक हमी द्यावी, अशी अट घातली होती. पगार बुडाला किंवा बाईला तातडीने परत पाठवायची वेळ आली, तर पैसे त्यातून घ्यायचे. कल्पना बिनचूक. कुवेतला ती मान्य झाली नाही. तिथे भारतीय बायकांना घरकामाचे व्हिसा देणं थांबलं आणि २०१७ मध्ये भारताने कुवेतपुरती ती अट मागे घेतली.

याच कुवेतशी फिलिपिन्सने काय केलं ते शेजारी ठेवून पाहा. २०१८ च्या फेब्रुवारीत एका फिलिपिनो कामगार बाईचा मृतदेह फ्रीझरमध्ये सापडला. फिलिपिन्सने कुवेतला माणसं पाठवणं बंद केलं, आणि मे महिन्यात करार झाला की मालकाने बाईचा पासपोर्ट आणि फोन काढून घ्यायचा नाही. फरक कायद्यात आहे. फिलिपिन्सच्या १९९५ च्या कायद्यात, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अधिक स्पष्टपणे, लिहिलं आहे की ज्या देशात आपल्या कामगारांच्या हक्कांचं संरक्षण होतं तिथेच त्यांना पाठवायचं. शिवाय परदेशी मालकाने पगार बुडवला तर कामगाराला पाठवणारी मनिलातली एजन्सीही तितकीच देणेकरी. वाटाघाटीला बसणाऱ्या राजदूताला ‘माझ्या देशाचा कायदाच मला परवानगी देत नाही’ असं म्हणता येतं. आपल्या राजदूताला असं म्हणायची सोय १९८३ च्या कायद्याने ठेवलेली नाही. आपल्या कायद्यात मालकाच्या चुकीसाठी इथल्या एजंटाला थेट देणेकरी धरण्याची अशी साधी, स्पष्ट तरतूद असती, तर मददवरच्या निम्म्या तक्रारी पणजीतच मिटल्या असत्या, असं आमचं ठाम मत आहे.

भारताने दुसरी वाट धरली ती बंदीची. ईसीआर बायकांना ३० वर्षांखाली घरकामाला जाता येत नाही, आणि २०१६ पासून भरती सरकारी संस्थांमार्फतच. हेतू चांगला, पण गरज असलेली बाई थांबत नाही. ती व्हिजिट व्हिसावर निघते आणि नोंदीबाहेर जाते. सौदीशी जानेवारी २०१४ मध्ये आणि कुवेतशी जून २०२१ मध्ये घरकामगारांबाबत करार झाले, हे खरं काम. पण स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने स्वतः स्वीकारलेला नाही. घरकामगारांसाठीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारावरही भारताची मान्यता नाही. जे स्वतः मानलं नाही ते दुसऱ्याला जोर देऊन सांगता येत नाही.

दबाव नीट लागला तर कायदे बदलतात, याचं ठळक उदाहरण कतार. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेत कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. फुटबॉल विश्वचषकामुळे जगाचं लक्ष होतंच. २०१७ मध्ये सुधारणांचा कार्यक्रम ठरल्यावर तक्रार मिटवली गेली आणि २०१८ मध्ये संघटनेचं कार्यालय दोह्यात उघडलं. त्याच वर्षी बहुतेक कामगारांसाठी देश सोडायचा परवाना गेला. २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागेनासं झालं. मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल, आणि मालक देत नसेल तर जेवणाचे ३०० व राहण्याचे ५०० वेगळे. दोह्याची ऑफर आली तर आधी हे तीन आकडे करारात शोधा. तिथला करार आता निघण्याआधीच, कतार व्हिसा केंद्रात सही होतो. गोव्यातल्यांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. तिकडे उतरल्यावर दुसराच कागद पुढे करण्याची जुनी युक्ती यामुळे बरीच अवघड झाली आहे.

ओमानने १ जानेवारी २०२१ पासून ना-हरकत पत्राची अट काढली. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं आणि भरतीचा खर्च कामगारावर टाकणं दोन्ही मना आहे. सौदीने मार्च २०२१ मध्ये बाहेर पडण्याचे नियम सैल केले, पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना त्यातून वगळलं. आणि कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देश सोडण्यासाठी मालकाच्या संमतीचा परवाना लागू केला. मिळालेला हक्क मागे फिरू शकतो. कुवेतहून चतुर्थीला घरी यायचं ठरवत असाल तर तिकिटाआधी हा परवाना.

मदद : तक्रार कशी लिहावी

मददवर खातं उघडायला ईमेल आणि मोबाइल पुरतो. तक्रार तिकडच्या माणसानेच करायला हवी असं नाही. गोव्यातून आई, बायको, भाऊ करू शकतात. देश, दूतावास आणि विषय निवडायचा. थकलेला पगार, तुरुंगवास, बेपत्ता व्यक्ती, घरकामगार, परत आणणं, पार्थिव आणणं, नुकसानभरपाई असे विषय आहेत. क्रमांक मिळतो आणि तक्रार कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. ही पारदर्शकता मददचा सर्वात मोठा गुण.

विषय चुकला की तक्रार चुकीच्या टेबलावर जाऊन पडते. पगारही थकला आहे आणि पासपोर्टही मालकाकडे आहे, अशा वेळी ज्याच्यामुळे जिवाला धोका आहे किंवा परतणं अडलं आहे, तो विषय निवडा आणि बाकीचं मजकुरात लिहा. ‘माझ्या मुलाला खूप त्रास देतात, कृपया वाचवा’ एवढ्या मजकुरावर दूतावासाला काहीच करता येत नाही. लागतं ते असं: पासपोर्ट क्रमांक, इकामा (राहण्याचा परवाना) किंवा बताक्याचा (तिथल्या ओळखपत्राचा) क्रमांक, कफीलचं नाव अरबीत असेल तसं फोटो काढून, कामाच्या जागेचं मोबाइलवरचं लोकेशन, कितव्या महिन्यापासून किती पगार राहिला तो आकडा, आणि करार. व्हॉट्सॲपवरचे मालकाचे निरोप तारीख दिसेल असे जोडा.

एक धोक्याची सूचना. छळ असह्य झाला म्हणून माणूस न सांगता निघून गेला, की मालक लगेच ‘पळून गेला’ अशी नोंद करतो. सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात. त्यानंतर पगार मागणारा कामगार बेकायदा राहणारा ठरतो. म्हणून बाहेर पडायचंच असेल तर आधी तिथल्या कामगार खात्यात किंवा दूतावासात तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक मिळवा, मग पाऊल उचला. जिवावर बेतलं असेल तर अर्थात थेट दूतावास गाठायचा.

दूतावास काय करू शकत नाही हेही माहीत असू द्या. तो तिथला वकील होत नाही, तपास करत नाही, न्यायालयाचा निकाल फिरवत नाही. तो मालकाशी बोलतो, कामगार खात्याला पत्र देतो, आसरा देतो, आणीबाणीचा प्रवासकागद देतो. अटक झाली असेल तर त्याच्याकडे भक्कम कायदा आहे: १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६. अटकेतल्या परदेशी माणसाला, तुझ्या दूतावासाला कळवू का, हे विलंब न लावता सांगावं लागतं, आणि अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यावं लागतं. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानविरुद्ध निकाल दिला तो याच कलमावर. तक्रारीत ‘कलम ३६ प्रमाणे भेट घ्यावी’ असं स्पष्ट लिहा, आणि भेट झाल्यावर तारीख मागा.

पैशांची अडचण असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधी नावानिशी मागा. २००९ चा हा निधी तिकीट, तात्पुरता निवारा, वकील, तातडीचे उपचार, पार्थिव आणणं यासाठी वापरता येतो. ऐपत पाहून देतात, म्हणून घरचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. न मागता तो क्वचितच मिळतो.

मददला तीनच गुण यासाठी की तक्रार ‘बंद’ झाली म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं. मालकाने उत्तर पाठवलं, की फाइल मिटू शकते. अशा वेळी जुना क्रमांक देऊन, मालकाचं कुठलं म्हणणं का खोटं आहे ते एकेक ओळीत लिहून पुन्हा नोंदवा. एकाच गोष्टीच्या चार ठिकाणी चार वेगळ्या तक्रारी करू नका. प्रत्येक टेबल दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतं. राज्याच्या अनिवासी भारतीय खात्याला प्रत द्यायची तर तीही मददचा क्रमांक घालूनच. पोर्टल मराठीतून किंवा कोकणीतून चालवता येत नाही, ही गोव्यातल्या म्हाताऱ्या आईबापांसाठी मोठी उणीव आहे.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी दुसरा, आणि जास्त चांगला कायदा

तारवट्यांना, म्हणजे बोटीवरच्या खलाशांना, ई-मायग्रेट लागत नाही. त्यांच्यासाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे, जो भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. दुसऱ्या देशात हक्क राबवून घेणारा इतका जमलेला कायदा आमच्या पाहण्यात नाही. कारण त्याला दात आहेत. जहाज कुठल्याही देशाच्या झेंड्याचं असो, करार मानणाऱ्या बंदरात आलं की तिथला निरीक्षक वर चढून पगाराच्या नोंदी आणि विश्रांतीचे तास तपासू शकतो आणि जहाज अडवून ठेवू शकतो. ज्या देशाने करार मानला नाही त्याच्या जहाजालाही सवलत नाही. अडलेल्या जहाजाचा दर दिवसाचा तोटा मालकाला पगारापेक्षा महाग पडतो.

क्रूझवरचा वेटर, केबिन स्टुअर्ड, गॅलीतला (जहाजाच्या स्वयंपाकघरातला) मदतनीस हेही या करारात खलाशीच आहेत. विश्रांती २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास. सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही. आणि नोकरी मिळवून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय दाखला एवढाच त्याचा खर्च. आखाताच्या एजंटाला ३०,००० घेण्याची मुभा, बोटीच्या एजंटाला एक रुपयाही नाही. तरीही गोव्यात बोटीच्या नोकरीसाठी पैसे मोजले जातात, कारण हा नियम माहीत नसतो. एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या साइटवर आधी पाहा.

दोन महिने पगार दिला नाही, तर कायद्याने खलाशाला ‘वाऱ्यावर सोडलेला’ धरता येतं आणि विमा कंपनीकडून चार महिन्यांपर्यंतचा पगार व घरचं तिकीट मागता येतं. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं, आणि कुणाशी संपर्क करायचा तेही त्यावर लिहिलेलं असतं. जहाजावर चढल्याच्या पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवा.

पोर्तुगालचा पासपोर्ट

याबद्दल थोडक्यात. पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे भारताचं जातं. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी मदद, कल्याण निधी, विमा यांपैकी काहीही तुमच्यासाठी नाही. दुबईत किंवा लंडनमध्ये अटक झाली तर भेटायला येणार ते पोर्तुगालचे अधिकारी. त्या दूतावासाचा पत्ता आणि फोन घरच्यांकडे असायला हवा, आणि बहुतेक घरांत तो नसतो.

निघण्याच्या आदल्या रात्री

घरी एक फाइल ठेवून जा. त्यात पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान, व्हिसा, करार, एजंटाची पावती आणि परवाना क्रमांक, विम्याची पॉलिसी, मालकाचा पत्ता. सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेललाही पाठवा, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतला जातो. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा १८००-११-३०९० हा फुकटचा क्रमांक फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. मददवर आईच्या किंवा बायकोच्या नावाने खातं आजच उघडा, तक्रार कशी भरायची ते तिच्याकडून एकदा करून घ्या, आणि पासवर्ड त्याच फाइलमध्ये ठेवा.